पहिली पिकअप घेताय? ‘फोर बाय फोर’चा हिशेब आधी कागदावर मांडा

पुण्यात मार्केट यार्ड, भवानी पेठ, नाना पेठ, कोंढवा, हडपसर या भागांतील आमचे अनेक तरुण आज भाड्याच्या टेम्पोवर धंदा करतात. फळे आणणारे बागवान बंधू, भंगारवाले, फर्निचरवाले, मंडप-डेकोरेशनवाले, पोल्ट्री व बकऱ्यांचा व्यापार करणारे, अशा सर्वांची हीच स्थिती आहे. महिन्याचे भाडे मोजता मोजता एक दिवस मनात येते की एवढ्या पैशात स्वतःची गाडी येईल. हा विचार चांगला आहे आणि त्यातून अनेक घरांची रोजी अल्लाहच्या कृपेने वाढलेली आम्ही पाहिली आहे. पण गाडी घ्यायची ठरली की पहिला वाद सुरू होतो तो साधी पिकअप घ्यावी की चारही चाकांना ओढ असलेली, म्हणजे ‘फोर बाय फोर’ घ्यावी, यावर.

मित्र सांगतात, “एकदाच घ्यायची तर दमदार घे.” गॅरेजवाला सांगतो, “पावसाळ्यात उपयोगी पडेल.” शोरूममधला विक्रेता तर घाटातल्या चिखलाचे चित्र दाखवतो. घरातील वडीलधारी मंडळी मात्र जादा पैशाचे कारण विचारतात आणि त्याचे नेमके उत्तर कोणाकडेच नसते. ते उत्तर काढण्याची रीत येथे मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

ओढ आणि ताकद यांतील फरक

सर्वप्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. फोर बाय फोर गाडी जास्त माल ओढते, अशी अनेकांची समजूत असते. ती बरोबर नाही. इंजिन तेच असते. साध्या पिकअपमध्ये इंजिनाची ताकद एका शाफ्टने फक्त मागच्या दोन चाकांना जाते. फोर बाय फोरमध्ये गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक पेटी असते, तिला ट्रान्सफर केस म्हणतात. तेथून दुसरा शाफ्ट पुढच्या चाकांकडे जातो. त्यामुळे मागची चाके चिखलात फिरत राहिली तरी पुढची चाके गाडीला बाहेर काढू शकतात. म्हणजे हा सारा प्रकार जमिनीवरची पकड वाढवण्याचा आहे.

या पेटीत बहुधा एक ‘लो’ गिअर असतो. त्यात गाडी अगदी सावकाश पण जोराने चालते. खडा चढ, दगडगोटे, नदीपात्रातील वाळू यांत तो उपयोगी पडतो आणि कच्च्या तीव्र उतारावर इंजिनच गाडी रोखून धरते. हा फायदा खरा आहे.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवल्या पाहिजेत. पहिली, ब्रेक सर्व गाड्यांना चारही चाकांवर असतात. ओल्या डांबरी रस्त्यावर गाडी किती अंतरात थांबेल हे टायर, ब्रेक व वेग यांवर ठरते, फोर बाय फोरवर नाही. कात्रज किंवा दिवे घाटात पावसात जोराने गाडी हाकणाऱ्याला फोर बाय फोर वाचवणार नाही. दुसरी, मालवाहू पिकअपमध्ये असलेली ही सोय बहुधा गरजेपुरती लावायची असते. कोरड्या डांबरी रस्त्यावर ती लावून वळणे घेतली तर पुढच्या व मागच्या चाकांची ओढाताण होते आणि पेटी व शाफ्टवर ताण येतो. म्हणजे जी गाडी वर्षभर डांबरी रस्त्यावर फिरते तिच्यात हे सामान केवळ वजन म्हणून वाहिले जाते.

आतापर्यंतचा अनुभव काय सांगतो?

पुण्याचा छोटा मालवाहू व्यापार कशावर उभा राहिला ते पाहा. जर्मनीतील टेम्पो कंपनीच्या सहकार्याने 1958 मध्ये बजाज टेम्पो कंपनी सुरू झाली आणि पुढे तिचा कारखाना आकुर्डीला उभा राहिला. तिच्या तीनचाकीमुळे ‘टेम्पो’ हा शब्दच आपल्याकडे मालगाडीचे नाव होऊन बसला. त्यानंतर मॅटाडोर आली. टेल्कोने 1988 मध्ये टाटामोबाईल ही पिकअप काढली आणि 2005 मध्ये टाटा एस, म्हणजे आपला ‘छोटा हत्ती’, बाजारात आला. टेम्पो, मॅटाडोर आणि छोटा हत्ती यांनी शहराच्या पेठांत आणि आसपासच्या गावांत लाखो फेऱ्या केल्या, त्या चारही चाकांच्या ओढीशिवायच.

फोर बाय फोरचे मूळ मात्र लष्करात आहे. दुसऱ्या महायुद्धात रस्ता नसलेल्या आघाडीवर जाण्यासाठी अमेरिकेत विलिज जीप तयार झाली. तिची जोडणी आपल्याकडे महिंद्र कंपनीने सुरू केली. ही कंपनी 1945 मध्ये ‘महिंद्र अँड मोहम्मद’ या नावाने स्थापन झाली होती, हे आमच्या अनेक वाचकांना माहीत नसेल. त्यातील भागीदार मलिक गुलाम मुहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले व तेथील पहिले अर्थमंत्री झाले. 1948 मध्ये कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. सांगायचे एवढेच की जीपला चारही चाकांची ओढ दिली गेली ती रस्ता नव्हता म्हणून. आपल्या धंद्याच्या मार्गावर रस्ता आहे की नाही, हाच आपल्याही प्रश्नाचा गाभा आहे.

पुण्याच्या चार दिशा

पुण्याहून माल कोठून येतो व कोठे जातो, ते दिशेने पाहू.

पूर्वेला सोलापूर रस्ता आहे. हडपसर, लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत, दौंड हा मार्ग मोठा व पक्का आहे. अडचण येते ती मुख्य रस्ता सोडून काळ्या मातीच्या रानात उतरल्यावर. ही माती ओली झाली की टायरच्या नक्षीत भरून बसते आणि टायर गोटा झाल्यासारखा घसरू लागतो. अशा मातीत भरलेली फोर बाय फोरही रुतते, कारण पकडायला खाली काही उरतच नाही.

उत्तरेला नाशिक रस्त्याने चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव, जुन्नर लागते. भाजीपाला व टोमॅटोचा हा पट्टा आहे. बाजार समित्यांच्या आवारापर्यंत साधी पिकअप विनासायास जाते.

दक्षिणेला सासवड व भोर आहे. कोंढव्याहून बोपदेव घाटाने किंवा हडपसरकडून दिवे घाटाने सासवडला जाता येते. हे घाट चढाचे असले तरी डांबरी आहेत, तेथे पकडीपेक्षा इंजिनाचा दम व ब्रेक महत्त्वाचे. पुरंदरच्या अंजिराचे मुख्य हंगाम हिवाळ्यात व उन्हाळ्यात येतात, तेव्हा बांधापर्यंतची वाट कोरडी असते. सीताफळ मात्र पावसाळ्यात निघते. म्हणजे एकाच तालुक्यातून माल आणणाऱ्या दोन व्यापाऱ्यांची गरज निरनिराळी असू शकते. भोरच्या पुढे वरंधा घाटाकडील गावांत पाऊस व दरडी यांचा त्रास असतो. पण दरड कोसळून रस्ताच बंद झाला तर फोर बाय फोरवाल्यालाही माघारी फिरावे लागते.

पश्चिमेला मुळशी, ताम्हिणी, पानशेत, वेल्हे हा अतिपावसाचा, भातखाचरांचा व डोंगरवाड्यांचा प्रदेश आहे. येथे मुख्य रस्त्यापासून वाडीपर्यंतचा शेवटचा एक-दोन किलोमीटरचा तुकडा अनेकदा कच्चा असतो. पाणंद रस्ते करण्यासाठी राज्य सरकारने 2021 मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी योजना आणली. परंतु आपला ग्राहक ज्या वाडीत आहे तेथे रस्ता झाला की नाही, हे स्वतः जाऊन पाहिलेले बरे. ज्याचा धंदा बारा महिने या भागात आहे त्याच्यासाठी फोर बाय फोरचा विचार रास्त आहे.

आणि पाचवी दिशा म्हणजे खुद्द पुणे शहर. भवानी पेठेच्या गल्ल्या, वेळेची बंदी असलेले मध्यवस्तीतील रस्ते, गोदामासमोर गाडी वळवण्याची कसरत, या सर्वांत फोर बाय फोरचा काडीचाही उपयोग नाही. येथे लहान वळणाची, हलकी गाडी कामाला येते.

जादा खर्च कोठे कोठे होतो?

किमतीतील फरक तर दिसतोच. बोलेरो कॅम्पर, टाटा योद्धा अशा गाड्यांत फोर बाय फोर प्रकार निघाले आहेत. त्यांच्या साध्या व फोर बाय फोर प्रकारांचे ‘ऑन रोड’ दर एकाच दिवशी लेखी मागून घ्यावेत. इसुझू व्ही-क्रॉस किंवा 2022 मध्ये भारतात आलेली टोयोटा हायलक्स या गाड्या पहिल्या धंद्याच्या गाडीच्या हिशेबात बसत नाहीत. टाटा एस, दोस्त, सुपर कॅरी अशा छोट्या गाड्यांत हा प्रश्नच येत नाही, त्या दोन चाकांच्या ओढीवरच चालतात.

न दिसणारा खर्च तीन प्रकारचा आहे. एक, डिझेल. जादा पेटी, जादा शाफ्ट, पुढचा डिफरन्शियल यांचे वजन रोज वाहावे लागते. दोन, देखभाल. तेल बदलण्याच्या जागा वाढतात, सील व जॉइंट वाढतात. चारही टायर एकाच मापाचे व सारखे झिजलेले ठेवावे लागतात, नाही तर पेटीवर ताण येतो. नाना पेठेत साध्या पिकअपचे सुटे भाग सहज मिळतात, पण ट्रान्सफर केसच्या भागांसाठी थांबावे लागू शकते. तेवढे दिवस गाडी उभी राहते.

तिसरा खर्च फार थोडे लोक मोजतात. तो म्हणजे मालाचे वजन. गाडीचे मालासह एकूण वजन आरसी बुकात ठरलेले असते. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 66 प्रमाणे 3,000 किलोपर्यंत एकूण वजन असलेल्या मालवाहू वाहनाला परमिट लागत नाही, म्हणून अनेक जण याच मर्यादेतील गाडी घेतात. एकूण वजनाची मर्यादा तीच आणि गाडीचे स्वतःचे वजन शंभर किलोने वाढले, तर कायद्याने भरता येणारा माल तेवढाच कमी होतो. शंभर किलो म्हणजे वीस किलोचे पाच क्रेट. ते प्रत्येक भरलेल्या फेरीत खाली ठेवून यावे लागतात. जास्त भरून नेणे हा त्यावरचा उपाय नव्हे. त्यात दंड आहे, पाटे व ब्रेक यांचे नुकसान आहे आणि रस्त्यावरील इतरांच्या जिवाला धोका आहे.

हिशेबाची रीत

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत, वाचकांनी त्या जागी आपले आकडे घालावेत.

समजा दोन्ही प्रकारांच्या किमतीत 1,20,000 रुपयांचा फरक आहे आणि गाडी सहा वर्षे वापरायची आहे. म्हणजे वर्षाला 20,000 रुपये. गाडी वर्षाला 25,000 किलोमीटर चालते. साधी गाडी लिटरला 13 किलोमीटर देते व फोर बाय फोर 12. वर्षाला सुमारे 160 लिटर डिझेल जादा, 90 रुपये दराने 14,400 रुपये. जादा देखभाल 6,000 रुपये. भरलेल्या 150 फेऱ्यांत प्रत्येकी 100 किलो माल कमी, किलोला एक रुपया वाहतूक धरली तर 15,000 रुपये. सर्व मिळून वर्षाचा जादा बोजा 55,400 रुपये झाला.

आता दुसरी बाजू. गाडी रुतली तर काय जाते? ट्रॅक्टरने ओढून काढण्याचे 1,000 रुपये व बाजाराची वेळ चुकल्याने भाव उतरतो त्याचे 2,500 रुपये धरू. म्हणजे रुतण्याचा एक दिवस 3,500 रुपयांना पडतो. 55,400 ला 3,500 ने भागले की उत्तर येते जवळपास सोळा. अर्थ असा की वर्षातून सोळांहून अधिक दिवस साधी गाडी रुतत असेल आणि त्या सर्व दिवशी फोर बाय फोर खात्रीने बाहेर निघणार असेल, तरच हा व्यवहार फायद्याचा. आठच दिवस रुतत असेल तर नुकसान 28,000 रुपयांचे आहे आणि ते टाळण्यासाठी आपण त्याच्या जवळपास दुप्पट खर्च करीत आहोत.

रुतण्याचे दिवस अंदाजाने सांगू नयेत. गाडी घेण्याआधी एक पावसाळा भाड्याच्या साध्या पिकअपने काढावा व वहीत रोज नोंद करावी: कोठे गेलो, डांबर कोठे संपले, रुतलो का, कसे निघालो, किती वेळ व पैसा गेला. आषाढ-श्रावणातील ही वही कोणत्याही विक्रेत्याच्या सल्ल्याहून अधिक खरी ठरेल.

कोणाला खरोखर गरज आहे?

काही धंद्यांत मात्र रुतण्याचा तोटा पैशात मोजून भागत नाही. डोंगरवाड्यांतून रोज दूध उचलणाऱ्याला एक दिवसही खाडा चालत नाही. बोअरवेल व पंप दुरुस्ती करणारे, मोबाईल टॉवरवर जनरेटर व डिझेल पोहोचवणारे, खाणीत व धरणाच्या कामावर सामान नेणारे, पाऊस असो वा नसो, जागेवर पोहोचलेच पाहिजेत. काही कंत्राटांत तर वेळेवर न पोहोचल्यास पैसे कापण्याची अटच असते. अशा बंधूंनी फोर बाय फोर घ्यावी आणि तिचा जादा खर्च कंत्राटाच्या दरात धरावा. त्यांच्यासाठी ती चैन नसून अवजार आहे.

जुनी फोर बाय फोर घेत असाल तर विश्वासू मिस्त्री बरोबर न्यावा. मातीच्या मोकळ्या जागेत चारही चाकांची ओढ व ‘लो’ गिअर प्रत्यक्ष लावून पाहावेत. ट्रान्सफर केसचा आवाज, पुढच्या अ‍ॅक्सलची तेलगळती, जॉइंटमधील खेळ तपासावा. जुन्या जीपचे सामान लावून साध्या पिकअपची फोर बाय फोर करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नये. कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही, आणि अपघात झाला तर विम्याचीही अडचण येते.

मधला मार्ग

ज्यांना वर्षात पाच-दहा दिवसच त्रास होतो त्यांच्यासाठी स्वस्त उपाय आहेत. मागच्या चाकांना खोल नक्षीचे चांगले टायर घालावेत. मागच्या चाकांवर चालणारी पिकअप रिकामी असताना जास्त घसरते, कारण हौद्यात वजन नसते. म्हणून ओल्या रानात शिरण्यापूर्वी पायी जाऊन वाट पाहावी आणि माल भरण्याआधीच गाडीचे तोंड बाहेरच्या दिशेला करून ठेवावे. दोन जाड फळ्या, काही गोणपाट, फावडे व मजबूत दोरखंड गाडीत असावा. चाक जागेवर फिरू लागताच रेस वाढवू नये, त्याने खड्डाच खोल होतो.

सर्वांत उत्तम म्हणजे शेतकऱ्याशी आधीच ठरवावे की पावसात माल डांबरीपर्यंत तो ट्रॅक्टरने आणेल. त्याबद्दल क्रेटमागे दोन रुपये जादा दिले तरी सोळा दिवसांच्या हिशेबापुढे ते थोडे आहेत. त्यातून शेतकऱ्यालाही मिळकत होते व आपली गाडीही सुरक्षित राहते.

पैसा कोठून आणणार?

हा विषय आमच्या वाचकांसाठी सर्वांत नाजूक आहे. अनेकदा साध्या गाडीपुरते पैसे साठवलेले असतात, पण फोर बाय फोरच्या जादा रकमेसाठी व्याजी कर्ज काढले जाते. व्याजाचा प्रश्न दीनचा तर आहेच, पण धंद्याच्या दृष्टीनेही पहिल्या वर्षी हप्त्याचे ओझे जड असते. धंदा थंड असला तरी हप्ता थांबत नाही, आणि मग हप्त्यासाठी माल मिळेल त्या भावाने विकावा लागतो.

त्यापेक्षा चांगल्या स्थितीतील जुनी साधी पिकअप रोखीने घ्यावी, किंवा नातलगांत कर्ज-ए-हसना मिळत असेल तर ते घ्यावे. दोघा भावांनी भागीदारीत गाडी घेतली तरी चालेल, मात्र नफा, तोटा, दुरुस्ती व गाडी विकण्याची वेळ हे सर्व साक्षीदारांसमोर कागदावर असावे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची कुरआनची स्पष्ट ताकीद असताना आपण ‘घरचाच मामला आहे’ म्हणून ते टाळतो आणि पुढे त्यातूनच नाती तुटतात.

नवी गाडी घेणाऱ्यांनी एक बाब ध्यानात ठेवावी. 22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू वाहनांवरील जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्के झाला आहे. जीएसटी नोंदणी असलेल्या व करपात्र मालाच्या व्यापाऱ्याला मालवाहू गाडीवरील कराचे क्रेडिट घेता येते. ताजी फळे-भाजी करमुक्त असल्याने त्या व्यापारात हे क्रेडिट मिळत नाही. आपल्या कर सल्लागाराला खरेदीपूर्वी विचारावे, खरेदीनंतर नव्हे.

परवान्याबद्दलही विचारणा होते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर 2024 मध्ये स्पष्ट केले आहे की 7,500 किलोपर्यंतचे मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते. साधी पिकअप असो वा फोर बाय फोर, नियम एकच आहे.

सारांश

पुणे शहर, मार्केट यार्ड आणि पक्क्या रस्त्यांवरील गावे एवढाच ज्याचा व्याप आहे त्याने पहिली गाडी साधीच घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. वाचलेल्या पैशातून चांगले टायर घ्यावेत, विमा व पासिंग वेळेवर करावे आणि दोन महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम हाताशी ठेवावी. पश्चिमेच्या वाड्यांत बारा महिने काम असणाऱ्याने, किंवा वर्षात पंधरा-वीस दिवस रुतण्याची नोंद ज्याच्या वहीत आहे त्याने, फोर बाय फोर निःशंकपणे घ्यावी. गरज असताना केलेला खर्च हा खर्चच असतो, गरज नसताना चार लोकांत शोभा म्हणून केलेल्या खर्चाला मात्र इसराफ म्हणतात.

ज्यांची वही अजून कोरी आहे त्यांनी हा पावसाळा थांबावे. घरच्यांशी व जाणकारांशी मशवरा करावा, हिशेब मांडावा आणि मगच शोरूमची पायरी चढावी. अशा विचाराने घेतलेली गाडी इन्शाअल्लाह हलाल रोजीचे साधन ठरेल आणि पहिल्या गाडीच्या कमाईतून दुसरी उभी राहील. तोपर्यंत धंदा कोणत्या वाटेला लागला आहे हेही कळलेले असेल. त्या वेळी फोर बाय फोर लागलीच, तर ती घेण्याचे कारण घरच्या वडीलधाऱ्यांना सांगता येईल.